अण्णांच्या वतीने

मंगळवार होता. अण्णा मार्केट यार्डात गेले. सौदे सुरू झाले. हमालाने ढिगातलं हळकुंड काढून त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी ते मोडलं, नाकाशी धरलं आणि विचारलं, "हे काय असतं?"

खरेदीदार हसले. अण्णा मालाला नावं ठेवताहेत असं त्यांना वाटलं. महादू हमालाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हळकुंड परत घेतलं आणि मला फोन केला.

अण्णा म्हणजे माझे पती. सांगलीच्या यार्डात त्यांचं हळदीचं अडत दुकान होतं. अडत्या म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने त्याचा माल विकणारा. शेतकरी हळद आणून टाकतो आणि गावी परततो. पुढचं बोलणं अडत्याने करायचं. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडच्या गावाहून अण्णा विशीत सांगलीला आले आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ हेच करत राहिले. मी विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. आमच्या घरात एकजण हळद हुंगतो आणि एकजण पुस्तकं, असं ते पाहुण्यांना सांगत.

अण्णांना जाऊन वर्ष झालं. स्मृतिभ्रंशावरची माहितीची पुस्तकं मिळतात, मी ती वाचली आहेत. मला त्यांत एक गोष्ट सापडली नाही, म्हणून हे लिहिते आहे. ज्याला आता स्वतःचं ठरवता येत नाही, त्याच्या वतीने ठरवायचं कसं? औषधोपचाराचं ठरवणं त्या मानाने सोपं असतं. मी बोलते आहे ते संशोधनाबद्दल, जिथे फायदा झालाच तर दुसऱ्या कुणाला, पुढे कधीतरी होणार असतो. ज्यांच्या घरी असा कागद आला असेल त्यांच्यासाठी हे आहे.

*

त्या मंगळवारनंतर महादू घरी आला तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितलं की हे वर्षभर चाललं होतं. अण्णा माल चुकीचा ओळखत. जुन्या मालाला नवा म्हणत. खरेदीदारांना ते कळे, पण अण्णांसमोर कुणी बोलत नसे. महादू मागून बोटाने खरं काय ते दाखवी आणि सौदा त्याप्रमाणे होई. कुणाचंही नुकसान होऊ दिलं नव्हतं त्यांनी.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कसं सांगायचं वैनी? अण्णांस्नी चुकलं म्हणायचं आमी?"

एका माणसाचा मान राखण्यासाठी अख्ख्या बाजाराने वर्षभर त्याचा आजार झाकून ठेवला. डॉक्टरांच्या दृष्टीने ती चूक होती आणि ती चूकच होती. पण मला महादूवर रागावता आलं नाही. आजही येत नाही.

*

रुग्णालयात स्मृतीचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एकदा असे. सकाळी आठला चिठ्ठी घ्यायची, मग बाकावर बसायचं. जत, कवठे, तासगावकडून आलेली माणसं डबे सोडून तिथेच जेवत. अण्णा प्रत्येकाला गाव विचारत आणि त्या गावात यंदा हळद कशी आहे ते विचारत. पाच मिनिटांनी त्याच माणसाला पुन्हा विचारत. माणसं पुन्हा सांगत.

डॉक्टरीणबाईंनी अण्णांना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने ते परत विचारले तेव्हा मी नकळत ओठ हलवून सुचवू लागले. बाई म्हणाल्या, "काकू, तुमची खुर्ची जरा भिंतीकडे वळवा." मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि पाठीमागे अण्णा अडखळत होते ते ऐकत राहिले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब पाव तास होता.

आजाराचं नाव सांगून झालं. बरा होत नाही हेही सांगून झालं. बाहेर आल्यावर अण्णांनी बाई काय म्हणाल्या ते विचारलं. मी म्हटलं, विसरभोळेपणा वाढलाय म्हणाल्या.

"त्ये मला म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "तू का रडतीस ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, चपला घातल्या आणि घरी जायला रिक्षा कुठे मिळेल ते बघू लागले.

त्या दिवसांत मोठी हिंमत लागते असं लोक म्हणतात. मला लागली नाही, कारण अण्णांनी ती आधीच दाखवली होती. मी नुसती त्यांच्या मागून चालले. मेंदूचा एमआरआय काढताना माणसं घाबरून ओरडतात असं मला सांगण्यात आलं होतं. अण्णा त्या नळीत निवांत पडून राहिले. यंत्राचा तो घडघडाट त्यांना हळद पॉलिश करायच्या ड्रमासारखा वाटला असावा. बाहेर काढल्यावर त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, "झालं का पॉलिश? रंग आला का?" तो बिचारा म्हणाला, "चांगला आलाय काका."

*

शबाना आम्हाला तिथेच भेटली. तिशीच्या आतली मुलगी, समाजकार्य शिकलेली, रोज तासगावहून एसटीने येई. या आजारावर एक दीर्घ अभ्यास चालू होता, त्यासाठी ती काम करत होती. दर सहा महिन्यांनी स्मृतीच्या चाचण्या, रक्ताचा नमुना, वर्षातून एकदा एमआरआय. तिने मला माहितीपत्रक दिलं. ते मराठीत होतं आणि मराठी चांगलं होतं, म्हणून माझा विश्वास बसला. मी वाचलं, शेवटच्या पानावर रुग्णाच्या प्रतिनिधीची जागा होती तिथे सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारलेल्या बाईला सही करायला वेळ लागत नाही.

शबानाने कागद घेतला नाही.

"काकांना विचारलं का?" ती म्हणाली.

मी म्हटलं, त्यांना काय कळणार आता. अण्णा माझ्या शेजारीच बसले होते. हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोलले, याची लाज मला पुढे पुष्कळ दिवस वाटत राहिली.

शबानाने खुर्ची ओढली आणि अण्णांसमोर बसली. अर्धा तास लागला. ती एक गोष्ट सांगे, थांबे आणि तीच गोष्ट त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावी. अण्णांना आठवलं नाही की पुन्हा सांगे, कंटाळल्याचं दाखवत नसे. आणि अण्णा हळूहळू सरसावून बसले. समोर सौदा आहे हे त्यांना उमगलं होतं.

"घेतलेलं रक्त कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"अभ्यासासाठी ठेवू काका. पण तुमच्या परवानगीनं."

"आन् उद्या मी नको म्हटलं तर?"

"तर पुढचं सगळं बंद. आधीचं टाकून द्या म्हणालात तर तेही टाकून देऊ. तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही."

"मला फायदा काय?"

"काही नाही काका," शबाना म्हणाली.

अण्णा मनापासून हसले. "चाळीस वर्षांत असं खरं सांगणारा खरेदीदार न्हाई बघितला," ते म्हणाले. मग गंभीर झाले. शेतकरी माल टाकून गावाला जातो, ते तिला समजावू लागले. याच्या खाली देऊ नको असं सांगून गेला असेल तर खाली जायचं नाही. काही न बोलता गेला असेल तर त्याला विचारायचं. मालाचं सोनं होतंय असं दिसलं तरी विचारायचं. माल आपला नाही.

"आज मला कळतंय," ते म्हणाले. "रक्त घ्या, डोस्कं तपासा. मी नको म्हटलं की थांबायचं. पुढं मला कळायचं न्हाई, तवा हिला विचारा. पण हिनं माझ्या मनात काय असंल ते सांगायचं. हिच्या मनातलं न्हाई."

मग त्यांनी सही केली. अक्षर वाकडं आलं. खाली मी केली. शबानाने ते शेवटचं वाक्य कागदाच्या समासात लिहून घेतलं. असा समासात मजकूर लिहायची पद्धत नसावी, पण तिने लिहिला.

*

आम्ही अभ्यासात आहोत हे कळल्यावर लोकांनी जे म्हटलं ते दोन प्रकारचं होतं. माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, आमच्या सासूबाईंचंही नाव घालता येईल का, म्हणजे औषध फुकट मिळेल. यात औषधच नाही असं मी सांगितलं तर त्यांना ते खरं वाटलं नाही. चांगली गोष्ट मी एकटीच घेऊन बसले आहे असा त्यांचा समज झाला. दुसऱ्या एकींनी विचारलं, रक्त कुठे विकतात हो? पुण्यात असलेली माझी मुलगी अश्विनी शिकलेली, पण तीही फोनवर म्हणाली, आई, यातून बाबा सुधारतील ना? मी नाही म्हटलं.  मग कशाला, असं तिने विचारलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं होतं. ज्यांची पुस्तकं मी आयुष्यभर रचून ठेवली त्या माणसांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी मला. पुढे येणाऱ्या कुणासाठी तरी काहीतरी ठेवून जायचं ही गोष्ट मला परकी नव्हती. पण हे माझ्या मनातलं होतं, आणि अण्णांनी नेमकं तेच बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

*

दोन वर्षांत बरंच गेलं. आधी रस्ते गेले, मग दिवस, मग नावं. अण्णा पहाटे उठून यार्डात जायला निघत. आंघोळीला नकार देत. एकदा त्यांनी न ऐकल्यामुळे मी त्यांच्या हातावर जोरात चापट मारली. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "लागलं का तुमाला?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. ज्यांच्या घरी हे चाललं आहे त्यांना मी एवढंच सांगते की असं होतं. होऊन गेल्यावर पुन्हा आंघोळीचं पाणी काढायचं.

माझी ओळख त्यांना उरली होती ती ग्रंथालयाची बाई म्हणून. शबाना चाचण्यांसाठी घरी येई तेव्हा ते तिला बजावत, "ह्या बाई शिस्तीच्या हायत. पुस्तक फाडू नको." ती हो म्हणे. प्रत्येक भेटीत रक्त काढण्याआधी ती त्यांना विचारी. माझी सही कागदावर असे, तरीही ती ट्रेमधली सुई त्यांना दाखवी, आपल्या हातावर बोट ठेवून इथे टोचणार म्हणे आणि त्यांच्याकडे बघत थांबे. अण्णा हात पुढे करत. एकदा नाही केला. "आज राहू दे," म्हणाले. ती सामान भरून, चहा पिऊन तासगावला परत गेली. तासाभराचा प्रवास करून आलेली मुलगी रिकाम्या हाताने गेली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या मनात तिच्याविषयी जो आदर आहे त्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

*

तात्या माझे धाकटे दीर. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, गावी ऊस करतात. अण्णांनी त्यांना लहानपणी वाढवलं, शिकवलं. उसाची तोड संपली की ते आठ दिवस आमच्याकडे राहायला येत आणि अण्णांची दाढी स्वतः करत, कारण माझ्या हाताने ती नीट होत नसे.

त्या खेपेला ते आले तेव्हा अभ्यासाचा नवा कागद टेबलावर होता. अभ्यासात एक जास्तीची तपासणी होती, ऐच्छिक. कमरेपाशी पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढायचं. या आजाराच्या खुणा त्या पाण्यात रक्तापेक्षा लवकर आणि स्पष्ट दिसतात, असं शबानाने समजावलं होतं. नंतर डोकं दुखू शकतं. क्वचित त्याहून जास्त काही. अण्णांना आता ते सांगून कळणार नव्हतं. सही माझी एकटीची.

आपल्याकडे पाठीतल्या पाण्याची भीती फार जुनी आहे. पाणी काढलं की माणूस उठत नाही, असं प्रत्येक गावात कुणीतरी कुणाविषयी तरी सांगतं. तात्यांनी कागद वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून. मग चष्मा काढला.

"वैनी, अण्णा म्हंजी काय शाळंतला बेडूक हाय व्हय?"

मी समजावू लागले. धोका कमी आहे, डॉक्टर अनुभवी आहेत, पुढच्या रुग्णांना उपयोग होईल. तात्या ऐकत होते आणि त्यांचा चेहरा तांबडा होत होता.

"पुस्तकं वाचून वाचून माणूस बी पुस्तकावानी दिसाया लागला तुमास्नी," ते म्हणाले. "उघडायचं, बघायचं, ठिवायचं. त्येला तोंड न्हाई आता. म्हणून तुमी सही करणार?"

  ते गच्चीवर जाऊन बसले. मला राग तात्यांचा आला नव्हता. त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग खरा होता आणि तो कुठला निम्मा, ते मला सापडत नव्हतं.

*

आठवडाभर तो कागद माझ्याकडे होता. मी कारणं दोन्ही बाजूंनी मांडून पाहिली. अण्णांनी अभ्यासाला होकार दिला होता, म्हणजे हेही त्यात आलं, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, त्यांनी रक्त म्हटलं, डोकं म्हटलं. पाठ म्हटली नव्हती. काही न बोलता गेला असेल तर विचारायचं. पण विचारणार कसं?

महादू अधूनमधून अण्णांना बघायला येई. त्याच्यापाशी मी हे सहज बोलले, आणि त्याने मला एक जुनी हकीकत सांगितली. ती मला माहीत नव्हती. अण्णा यार्डातलं घरी फारसं आणत नसत. कडेगावकडचा एक म्हातारा शेतकरी दुकानात हळद टाकून गेला आणि त्याला लकवा झाला. वाचा गेली. मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, भाव वर आहे, विकून टाका. अण्णांनी विकली नाही. माल तुझा नाही, वडिलांचा आहे, असं म्हणाले. मुलाने त्यांना चार माणसांत नाही नाही ते ऐकवलं. तेव्हा अण्णा ढिगातली मूठभर हळकुंडं खिशात घालून मिरजेला दवाखान्यात गेले, महादूला घेऊन. म्हाताऱ्याच्या चालत्या हातात त्यांनी ती ठेवली आणि सौद्याला जसं बसतात तसे कॉटवर त्याच्यासमोर बसून राहिले. काही बोलले नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"म्हाताऱ्यानं मूठ मिटली ती सोडीना. अण्णा म्हणाले, चल. न्हाई म्हणतुया. पुढल्या महिन्यात परत गेलो तर त्यानं हळकुंडं अण्णांच्या हातात आपणहून दिली. तवा विकली."

मधल्या महिन्यात भावाचं काय झालं ते मी महादूला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. सांगण्यासारखी गोष्ट ती नव्हती.

ज्या माणसाला बोलता येत नाही त्यालाही विचारता येतं, हे माझ्या घरातल्या माणसाला ठाऊक होतं आणि मी ते पुस्तकांत शोधत होते. मी शबानाला फोन केला. म्हटलं, मला सही करण्याआधी अण्णांना दाखवायचंय. सुई नाही. नुसती ती खोली, ती कॉट, कसं निजायचं, पाठीवर हात कुठे येणार. ती म्हणाली, दाखवू या काकू. असं कुणी विचारलं नव्हतं, पण दाखवू या.

*

तात्या म्हणाले मी पण येणार. ते अडवायला येत होते, हे त्यांनी लपवलं नाही.

खोली छोटी होती. एक तरुण डॉक्टर, शबाना, मी; तात्या दारात उभे. अण्णांनी कॉटची चादर हाताने सारखी केली, जशी ते दुकानातल्या गादीवर बसण्याआधी करत. मी त्यांना कुशीवर निजवलं. गुडघे पोटाशी घ्यायला शबानाने मदत केली. अण्णांनी घेतले. ते शांत होते. माझ्या मनात आलं, होणार हे. आणि मला बरंही वाटलं, हे मला मान्य केलं पाहिजे. मला ते व्हायला हवं होतं.

शबानाने सदरा वर सरकवला आणि सांगितलं, "काका, इथं टोचतील. थोडं पाणी काढतील. चालेल का?" मग तिने तिथे नुसता तळहात ठेवला आणि थांबली.

अण्णांनी हात मागे नेला. तिचं मनगट धरलं, सावकाश उचललं आणि कॉटवर बाजूला ठेवून दिलं. रागाने नाही. मग सदरा खाली ओढला आणि उठून बसले.

"न्हाई," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, स्पर्शाने दचकले असतील, असं होतं. थोड्या वेळाने पुन्हा बघू. त्यांचं चूक नव्हतं. तसं असेलही. मी शबानाकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. ते तिने बोलायचं नव्हतंच. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. कागदावर माझ्या सहीची जागा रिकामी होती आणि मी सही केली असती तर कुणीही मला चूक ठरवलं नसतं.

"पुन्हा नको," मी म्हटलं. "रक्ताचं चालू ठेवा. हे नको."

शबानाने फॉर्मवर लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिने काय लिहावं ते मला विचारलं. मी म्हटलं, रुग्णाने नाही म्हटलं असं लिही. तिने तसंच लिहिलं, माझं नाव घातलं नाही.

बाहेर बाकावर अण्णा तासगावच्या एका आजोबांना हळद कशी आहे ते विचारू लागले. आमच्याकडे द्राक्षं असतात, आजोबा म्हणाले. तात्या माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"इच्यारलं की वैनी तुमी," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं न्हवतं. म्या तर आधीच न्हाई ठरवून आलतो. म्या बी त्येला इच्यारलं न्हवतं."

त्यांनी उठून तीन चहा आणले. अण्णांच्या कपातला चहा बशीत ओतून, फुंकून त्यांच्या हातात दिला.

*

त्यानंतर अण्णा सोळा महिने जगले. रक्ताचे नमुने आणखी दोनदा घेतले, दोन्ही वेळा त्यांनी हात पुढे केला. अखेरच्या तीन आठवड्यांत त्यांना नीट गिळता येत नव्हतं. शेवटी न्यूमोनियाने गेले, घरीच. तात्या होते, अश्विनी होती. शबाना तिसऱ्या दिवशी आली. कागद आणला नव्हता, नुसती बसून गेली. कागद दोन महिन्यांनी आणला.

त्या कागदावर विचारलं होतं, घेतलेले नमुने ठेवायचे की नष्ट करायचे. या वेळी मला आठवडा लागला नाही. रक्ताला त्यांनी समजून, हसून, स्वतःच्या हाताने होकार दिला होता. मी ठेवा म्हणून सही केली.

मी लोकांना काय सांगू? संशोधनाला हो म्हणा, असं मी म्हणत नाही. नको म्हणा, असंही नाही. माझा अनुभव एवढाच आहे की ज्याच्या वतीने आपण सही करतो तो माणूस बहुतेक वेळा समोरच बसलेला असतो, आणि त्याचं जाणं आपण आपल्या सोयीने जरा लवकर धरून चालतो. अण्णांच्या आठवणी गेल्या, माझं नाव गेलं, हळद गेली. हो आणि नाही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतं. मला आयुष्यात भेटलेली सगळ्यात सरळ माणसं दोनच. एकाला वाचायचा कंटाळा होता आणि दुसरी अजून तिशीची नाही.

गेल्या महिन्यात तात्या आले आणि म्हणाले, "माझं बी लिवून ठिवा. मला कळतंय तवर." मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं: रक्त चालेल, डोकं तपासलेलं चालेल, मेल्यावर काय पाहिजे ते घ्या, जिवंतपणी पाठीत सुई न्हाई. मी विचारलं, तुमच्या वतीने कुणी बोलायचं? ते म्हणाले, तुमी. मग थांबून म्हणाले, तुमी आधी गेला तर? ती जागा आम्ही अजून रिकामी ठेवली आहे. माझाही कागद मी लिहिला आहे. त्यात अश्विनीचं नाव आहे, आणि तिने तो मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी सही केली नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, शीतपेटीत, अण्णांच्या रक्ताच्या नळ्या आहेत. त्यांवर नाव नाही, क्रमांक आहे. तो क्रमांक माझ्याकडे लिहिलेला आहे.